निद्राविकार, बालकांतील : स्मृती व अध्ययनावरील परिणाम

बालवयात झोप अपुरी, तुटक किंवा अवेळी होऊ लागली की अवधान, नवे ध्यानात ठेवण्याची क्षमता व शालेय प्रगती यांना बाधा येते. निद्राश्वसनरोध (झोपेत श्वास वारंवार अडणे), निद्रानाश, अस्वस्थ पायांचा विकार (पाय सतत हलवावेसे वाटणे), नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येणे) आणि झोपेत उफाळणारे अपस्मारी (फेफऱ्यात दिसतात तसे) विद्युत् विसर्ग हे यामागचे मुख्य विकार होत. झोप न झालेला प्रौढ पेंगतो. मूल मात्र पुष्कळदा चळवळे व चिडके बनते. त्यामुळे मूळ विकाराकडे लक्ष न जाता त्याच्यावर अतिचंचलतेचा शिक्का बसतो.

शिकलेले मनात मुरायला वेळ लागतो, ही कल्पना म्युलर व पिल्झेकर यांनी १९०० मध्ये मांडली. झोपेनंतर विस्मरण कमी होते, हे जेंकिन्स व डॅलनबाख यांनी १९२४ मध्ये दाखवले. मात्र झोपेत नवे अनुभव येत नाहीत म्हणून जुने टिकते, एवढाच अर्थ त्यातून काढला गेला. जागेपणीच्या चेतापेशींच्या हालचाली झोपेत पुन्हा उमटतात, असे विल्सन व मॅकनॉटन यांना १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतील स्मृतीशी निगडित भागात) आढळले. तेव्हापासून झोप स्मृती घडवण्यात स्वतः भाग घेते, हे मत बळावले. दिवसभरात घट्ट झालेले चेतासंधी (चेतापेशींमधील जोड) गाढ झोपेत सैल होतात, हा टोनोनी व सिरेली यांचा सिद्धांत याला पर्याय मानला जातो. दोन्ही प्रक्रिया एकत्र चालत असणे अधिक संभवनीय वाटते. गाढ झोपेतील मंद लहरी यौवनारंभापूर्वी सर्वांत जोरकस असतात. शब्द व माहिती यांची स्मृती झोपेने मुलांतही सुधारते. हालचालींच्या कौशल्यांबाबत प्रौढांसारखा लाभ मुलांत नेहमी दिसत नाही.

निद्राश्वसनरोधाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. तो २ ते ८ वर्षांच्या मुलांत जास्त आढळतो आणि वाढलेले टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड (नाकामागील ग्रंथी) हे त्याचे नेहमीचे कारण असते. मूल तोंड उघडे टाकून, मान मागे ताणून झोपते. घोरता घोरता आवाज थांबतो. छाती आत ओढली जाते, पोट वर उचलले जाते, पण हवा आत जात नाही. मग एक जोराचा फुत्कार येतो, मूल घामेजून कूस बदलते आणि सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. ताशी पाचांपर्यंतचे अडथळे प्रौढांत चालतात. मुलांत एकाहून अधिक झाले तरी ते विकाराचे लक्षण धरतात.

याचा शिकण्याशी असलेला संबंध प्रथम कोणी ओळखला, याविषयी एकमत नाही. अ‍ॅम्स्टरडॅममधील एका कर्णनासातज्ज्ञाने १८८७ च्या सुमारास नाक चोंदलेल्या मुलांतील अवधानाच्या अभावाला वेगळे नाव दिले. विल्यम हिल यांचा अधिक उद्धृत होणारा लेख १८८९ चा आहे. मात्र रात्रीच्या श्वसनाची प्रत्यक्ष नोंद घेऊन केलेले वर्णन गिल्मिनो व सहकाऱ्यांचे, १९७६ मधले असल्याने आधुनिक अभ्यासाचा आरंभ तेथून धरणे योग्य होय. हानी ऑक्सिजन घटल्याने होते की झोप तुटल्याने, हा वाद मिटलेला नाही. ऑक्सिजन फारसा न घटणाऱ्या, नुसत्या घोरणाऱ्या मुलांतही उणिवा आढळल्या आहेत. म्हणून केवळ पहिले कारण पुरेसे नाही.

गोझल यांनी १९९८ मध्ये पहिलीच्या वर्गांतील सर्वांत मागे पडलेल्या २९७ मुलांची तपासणी केली. त्यांपैकी १८ टक्क्यांत झोपेतील श्वसनदोष निघाला. ज्यांचे टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड काढले त्यांचे गुण पुढच्या वर्षी वाढले, न काढलेल्यांचे वाढले नाहीत. पण गटांची निवड यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती. ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरील यादृच्छिक चाचणीत (२०१३) या शस्त्रक्रियेच्या गटात सात महिन्यांनंतर झोप व वर्तन सुधारले, अवधानाच्या कसोटीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांचा ऑक्सिजन दीर्घकाळ घटत होता अशी मुले या चाचणीत नव्हती, हे तिचा दाखला देताना विसरले जाते.

लँडाउ-क्लेफनर लक्षणसमूह (प्रथम वर्णन १९५७) व त्याच्याशी संबंधित विकारांत गाढ झोपेचा बहुतांश भाग अपस्मारी विसर्गांनी व्यापलेला असतो. दिवसा झटका दिसत नसतानाही मूल येत असलेली भाषा विसरू लागते. विसर्ग यौवनारंभाच्या सुमारास थांबतात. गमावलेली क्षमता पूर्ण परत येतेच असे नाही. बोलणे मागे पडणाऱ्या मुलाचा झोपेतील मेंदूआलेख त्यामुळे लवकर काढणे अत्यावश्यक ठरते.

अस्वस्थ पायांच्या विकारात शरीरातील लोहाचा साठा तपासतात. किशोरवयात झोपेची वेळ नैसर्गिकपणे पुढे सरकते आणि सकाळच्या शाळेमुळे झोप कमी पडते. १३ ते १८ वर्षांसाठी ८ ते १० तास झोपेची शिफारस आहे. नार्कोलेप्सीग्रस्त मुलांच्या स्मृतीवरील अभ्यास थोडे व छोट्या गटांवरचे आहेत.