सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप नव्हे

टीप सगळ्यांना ठाऊक आहे. बडीशेपेच्या वाटीसोबत बिल येतं, सुटे पैसे तिथेच राहतात, मनात आलं तर वर वीस-पन्नासची नोट. नाही ठेवली तरी कुणी अडवत नाही.

घोळ होतो तो बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘सर्व्हिस चार्ज’ या ओळीने. जीएसटीच्या शेजारीच असते, म्हणून लोकांना ती कर वाटते. जुलै 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा खराखुरा कर होताही. पण तो सरकारजमा व्हायचा. सर्व्हिस चार्ज मालकाच्या गल्ल्यात जातो. त्यातलं वेटरला किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे मालक ठरवतो.

म्हणूनच ‘सर्व्हिस चार्ज भरलाय, आता टीप कशाला?’ हे ऐकलं की मला राहवत नाही. अहो, टीप तुम्ही दिलेलीच नाही! हिशोबच बघा. जेवण 1,200 रुपयांचं. त्यावर दहा टक्के चार्ज, 120. मग पाच टक्के जीएसटी लागतो तो 1,320 वर, म्हणजे 66. एकूण 1,386. ती ओळ नसती तर 1,260 झाले असते. वेटरच्या हातावर ठेवलेल्या पन्नासच्या नोटेवर कुणी जीएसटी लावत नाही.

‘मेन्यूकार्डावर लिहिलंय, द्यावाच लागेल’ हेही मान्य करू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 लाच बजावलं होतं: हा चार्ज आपणहून बिलात घालायचा नाही, नाव बदलूनही नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगितीही मिळाली. पण 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सक्तीची वसुली ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली.

तेव्हा ती ओळ काढून मागा. मात्र वेटरवर डाफरू नका, चार्ज त्याने लावलेला नसतो. मॅनेजरला बोलवा. नाहीच ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि ओळ निघाली की वाचलेल्या 126 मधले काही ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. मी रोखच देते, बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही.