पानाच्या पाठीवर सिमेंट

बागेसाठी सिमेंटचं पान करायचं, तर खरं पान पालथं घालावं लागतं. ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर प्लास्टिकचा कागद पसरायचा. कागदावर अळूचं मोठं पान शिरांची बाजू वर ठेवून अंथरायचं आणि त्या पाठीवर सिमेंट-वाळूचा घट्टसर माल थापायचा. मग झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलटून पान सोलून काढायचं. पक्ष्यांना पाणी ठेवता येईल असा उथळ परळ हाती येतो.

पाठच का, पोट का नाही? पानाच्या जाड शिरा खालच्या बाजूने फुगीर असतात आणि वरून पाहिलं तर त्यांच्या जागी पन्हळी दिसतात. पाठीचा ठसा घेतला की फुगीर शिरेची सिमेंटमध्ये खाच होते. म्हणजे पाठीवरून काढलेला ठसा हुबेहूब पोटासारखा दिसतो. वरच्या बाजूचा ठसा घ्यावा, तर हाती येतात त्या जेमतेम उठलेल्या रेघा.

पान निवडताना शिरा ठसठशीत हव्यात आणि पाठ शक्यतो गुळगुळीत हवी. सागाचं पान आकाराने मोहात पाडतं, पण त्याच्या पाठीवरची लव मालात अडकते आणि सोलताना तुकडे पडतात. अळू किंवा गटाराकाठचं मोठं रानअळू या कामाला उत्तम. पानावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तेल न लावताही ते सिमेंटपासून सुटतं. अळवावरचं पाणी ठरत नाही त्यातही या मेणाचाच हात आहे. त्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण. थेंब त्या टोकांवरच तोलला जातो, त्याला खाली पसरायला जागा मिळत नाही. विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टॉफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाच्या पानावरची ही करामत 1997 साली उलगडून दाखवली. तेव्हापासून विज्ञानात तिला कमळाचंच नाव आहे. अळवाला कुणी मान दिला नाही.

बारीकसारीक शिरा उमटतात त्या सिमेंटच्या बारीकपणामुळे. त्याचे बहुतेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. वाळूचा दाणा शिरेच्या कडेला शिरू शकत नाही, सिमेंटचा लगदा शिरतो. म्हणून वाळू बारीक चाळणीने चाळून घ्यावी. एक भाग सिमेंटला दोन किंवा तीन भाग वाळू हे प्रमाण पुरतं. पहिला पातळ हात बोटांनी दाबत द्यावा, म्हणजे खाली हवेचे बुडबुडे राहत नाहीत.

आता पाण्याचं. सिमेंट वाळून घट्ट होतं असा समज सर्रास आहे, पण वाळलं तर ते कच्चंच राहतं. चुनखडी आणि माती सुमारे 1450 अंश सेल्सियसला भाजून जो क्लिंकर बनतो, त्यातली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी रासायनिक क्रिया करतात. त्यातून एक अतिसूक्ष्म, चिवट पदार्थ तयार होतो आणि वाळूच्या कणांना जखडून ठेवतो. पाणी या नव्या घन पदार्थात बांधलं जातं. 100 ग्रॅम सिमेंट अशा रीतीने साधारण 23 ग्रॅम पाणी बांधून घेतं. प्रत्यक्षात मात्र 40 ग्रॅमच्या आसपास घालावं लागतं, कारण काही पाणी त्या पदार्थाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून पडतं. त्याहूनही जास्त ओतलेलं पाणी पुढे उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. सैल माल थापायला सोपा, पण त्याचं पान कमकुवत.

पानाच्या कडा पातळ असतात, त्यामुळे त्यांच्यातलं पाणी सगळ्यात आधी उडतं. क्रिया तिथेच थांबते आणि कडा भुगा होऊन झडतात. वैशाखात हे काम करावंच का, हाही प्रश्नच आहे. केलं तर सावलीत, प्लास्टिकने पूर्ण झाकून. पान सोलल्यावरही निदान आठवडाभर पाणी मारत राहावं. गवंडी स्लॅबवर पाणी साठवतात ते याच कारणासाठी. सिमेंटच्या पोत्यावर छापलेला 53 हा आकडाही 28 दिवसांनी मोजलेल्या ताकदीचा असतो, दर चौरस मिलिमीटरला 53 न्यूटन.

साखर या क्रियेची वैरीण. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा एक भागाहूनही कमी साखर घट्ट होणं लांबवते. फाटलेल्या पानाचा रस मालात उतरू शकतो आणि त्यातही साखरा असतात, म्हणून पान धडकं घ्यावं. हातमोजे मात्र सुरुवातीपासून घालावेत. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू 12 ते 13, आणि त्वचा भाजते. अळूची खाज वेगळीच, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची. एकाच मोज्यात दोन्हींचा बंदोबस्त होतो.

पान मोठं असेल तर मालाच्या दोन थरांमध्ये खुराड्याला लावतात ती तारेची जाळी घालावी. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण एक दशांशच. ही युक्ती जुनी आहे आणि बागेतलीच आहे. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घातली आणि 1867 मध्ये तिचं पेटंट घेतलं. 1875 मध्ये त्याने फ्रान्समधल्या शाझले इथे याच पद्धतीने पादचारी पूल बांधला. आज आपण आरसीसी म्हणतो त्याच्या पूर्वजांमध्ये या कुंड्या मोडतात. त्याच 1867 साली पॅरिसमध्ये ब्युत-शोमाँ हे उद्यान खुलं झालं. तिथले कठडे लाकडी ओंडक्यांसारखे दिसतात, पण आहेत सिमेंटचे. सिमेंटमधून झाडाची नक्कल करण्याची हौस तेव्हाही जोरात होती.

तयार परळात लगेच पाणी भरून पक्ष्यांना बोलावू नये. क्रियेत चुनाही तयार होतो, तो पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कधर्मी करतो. काही दिवस पाणी भरून ठेवावं आणि रोज बदलावं. हा चुना पृष्ठभागावर आला, तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरे डाग पडतात. फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं तर डाग कमी पडतात, कारण राखेतली सिलिका बराच चुना वापरून टाकते.

शेवाळाचा हिरवा रंग हवा असेल तर ताक फासा, असं बरेच जण सुचवतात. ताज्या सिमेंटवर तो खटाटोप व्यर्थ आहे, इतक्या अल्कतेत शेवाळ तग धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरच्या थराचा सामू 9 च्या आसपास उतरेपर्यंत थांबावं. त्यानंतर कोकणातल्या पावसाळ्यात, सावलीच्या कोपऱ्यात, ताकाची गरजही पडत नाही.