एकाच ओसरीवरची कुत्री एकमेकांवर का धावून जातात?

सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीकडच्या वस्त्यांवर राखणीला दोन-तीन कुत्री असतातच. त्यांत एखादे कारवानी या शिकारी जातीचे, बाकीची गावठी. वर्षभर एकाच ओसरीवर निजणारी ही कुत्री एके दिवशी एकमेकांच्या नरड्याला लागली, की ‘थोरलं कोण ते एकदा ठरू दे, मधे पडू नका’ असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यामागची समजूतही जुनी आहे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून कळपातील वर्चस्वाचे चित्र मांडले. पुढे लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की रानातील कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. तरीही हुद्द्यांची उतरंड आपल्याला इतकी आवडते, की ती आपण कुत्र्यांवरही लादतो.

प्रत्यक्षात भांडणाची वेळ ठरलेली असते. संध्याकाळी धारा झाल्यावर थाळीत दूध-भाकरी पडते. थोरली कुत्री खाली मान घालून खाऊ लागते आणि धाकटी चार हातांच्या अंतरावर येऊन थबकते. तिचे तोंड मिटलेले, अंग ताठ, शेपूट वर, मानेवरचे केस उभे आणि नजर थोरलीवर खिळलेली असते. हे सारे दोन-तीन क्षणांत घडते, म्हणून घरचे लोक ‘एकाएकी जुंपली’ असे सांगतात. गुरगुरणे हाही इशाराच असतो. त्यासाठी कुत्र्याला मारले, तर ते पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एकाच घरात राहून भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ३० जोड्या नर-नर किंवा मादी-मादी अशा होत्या आणि कुरापत काढणारे कुत्रे बहुधा वयाने लहान किंवा घरात नंतर आलेले होते. मालकाचे लक्ष, खाणे आणि अनावर उत्साह ही मुख्य निमित्ते ठरली. फाटकाशी दूधवाल्याची मोटारसायकल वाजताच दोन्ही कुत्री भुंकत धावतात आणि त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही म्हणून शेजारच्या कुत्र्यालाच चावतात, हा प्रकारही नेहमीचा. आजवर शांत असलेले प्रौढ कुत्रे अचानक बिघडले, तर मात्र आधी दुखणे शोधावे. कानातील जखम, सांधेदुखी, गोचीड ताप यांनी सहनशक्ती आटते. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणी करून घ्यावी.

जुंपलेल्या कुत्र्यांच्या तोंडाजवळ हात घालू नये. बादलीभर पाणी ओतावे, मधे फळी सरकवावी किंवा अंगावर घोंगडी टाकावी. माणसाला दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठावा.

त्यानंतर दोघांना काही दिवस वेगळे ठेवावे. पुढेही थाळ्या वेगवेगळ्या, मधे बंद दार, आणि खाणे संपताच थाळ्या उचललेल्या असाव्यात. एकत्र आणताना दोन माणसांनी दोघांना साखळीने धरून बांधावरून एकाच दिशेने, पुरेसे अंतर राखून चालवावे. एकमेकांकडे पाहूनही शांत राहिल्यास खाऊ द्यावा आणि अंतर हळूहळू कमी करावे. जाळीदार मुसक्याची सवय आधीच लावलेली बरी. नसबंदीने दोन नरांमधील तंटा काही वेळा कमी होतो. दोन माद्यांच्या बाबतीत तिचा भरवसा धरता येत नाही, आणि काही जोड्यांना कायमचे आलटून-पालटून मोकळे सोडावे लागते.