पाळी जाताना आणि डोक्याच्या गोळ्या चालू असताना: हा घोळ आला कुठून

बायपोलर, स्किझोफ्रेनिया नाहीतर जुनं डिप्रेशन असा मनाचा आजार घेऊन पंचेचाळिशी गाठलेल्या बायकांशी बोललं की एक तक्रार हमखास निघते. रात्री घामाने गाऊन भिजतो, पंखा पाचवर असूनही तीन वाजता झोप उडते, छाती धडधडते, सायकियाट्रिस्टला सांगावं तर ते म्हणतात गायनॅककडे जा, आणि गायनॅक फाईलमध्ये लिथियम (बायपोलरवरची गोळी) बघून म्हणते आधी त्यांना विचारून या. ही टोलवाटोलवी आजची नाही, तिच्यामागे दीडशेच्या वर वर्षांचा इतिहास आहे आणि तो चांगलाच विचित्र आहे.

१८५७ साली लंडनच्या एडवर्ड टिल्ट नावाच्या डॉक्टरने पाळी जाण्याच्या काळावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या काळात ब्रिटनमधल्या वेड्यांच्या इस्पितळात बाई आली की तिच्या वेडाचं कारण म्हणून ‘क्लायमॅक्टेरिक’ असं रजिस्टरमध्ये सर्रास लिहायचे, म्हणजे पाळी चालली ना, मग डोकं फिरणारच. गंमत बघा, १८७२ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या रॉबर्ट बॅटी या सर्जनने नेमकं उलटं केलं. पाळीशी जोडलेल्या त्रासांसाठी, त्यात मनाचेही त्रास आले, त्याने धडधाकट अंडाशयं काढायला सुरुवात केली. ‘बॅटीचं ऑपरेशन’ म्हणून ते गाजलं, वेड्यांच्या इस्पितळातल्या बायकांवरही झालं. म्हणजे एकाच्या मते पाळी गेली की वेड लागतं आणि दुसरा वेड घालवायला पाळीच घालवतोय. दोघांनाही हार्मोन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, कारण हा शब्दच आला १९०५ मध्ये.

मग जर्मनीचा मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन. १८९६ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात उतारवयात येणाऱ्या डिप्रेशनला वेगळं खातं मिळालं, इन्व्होल्युशनल मेलँकोलिया. काही वर्षांतच त्याच्याच गोटातून शंका आल्या आणि त्याने ते खातं मॅनिक डिप्रेसिव्ह आजारात (आजचं बायपोलर त्यातलंच) घातलं, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं, अमेरिकेच्या डीएसएमच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या अधिकृत यादीच्या, १९६८ च्या आवृत्तीतही ते होतंच. शेवटी १९७९ मध्ये अमेरिकन संशोधक मर्ना वाइसमन यांनी दाखवलं की या बायकांच्या डिप्रेशनची लक्षणं काही वेगळी नसतात, आणि १९८० च्या डीएसएममधून हे निदान गेलं.

माझ्या मते इथेच दुसरी चूक झाली. पाळी जाण्याने बाई वेडी होत नाही हे बरोबरच, पण त्यावरून पाळी जाण्याचा मनाशी काही संबंधच नाही असा अर्थ निघाला, आणि ज्या बाईला आधीपासूनच आजार आहे तिला कोणी वालीच उरला नाही. मेनोपॉजवर, म्हणजे पाळी जाण्यावर, काम करणाऱ्यांना धडधाकट बायका हव्यात, मानसोपचारवाल्यांना पाळीच्या तारखा नकोत.

संबंध पुन्हा दिसला तो आकडेवारीतून. जर्मनीत मॅनहाइमला हाइन्झ हेफनर यांच्या टीमला आढळलं की बायकांमध्ये स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचा एक छोटा दुसरा उंचवटा पंचेचाळिशीनंतर येतो, पुरुषांत तो नसतो. त्यातून इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हार्मोन, जे पाळी जाताना घटतं, मेंदूला थोडंफार सांभाळून घेतं ही कल्पना जोर धरू लागली. मेलबर्नच्या जयश्री कुलकर्णी यांनी (आडनाव आपल्याला नवीन नाही) ती प्रत्यक्ष तपासली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ट्रायलमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या १०२ बायका होत्या, नेहमीच्या गोळ्यांबरोबर काहींना २८ दिवस इस्ट्रोजेनचा पॅच दिला आणि त्यांची लक्षणं जास्त कमी झाली. पण त्या बायका तरुण होत्या. पाळी गेलेल्या, आजार बळावलेल्या बायकांवर रॅलोक्सिफीन हे इस्ट्रोजेनसारखं काम करणारं औषध रोमानिया-मोल्दोव्हात वापरून बघितलं, तर त्यात नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचं जास्त बरं झालं. तेव्हा ‘हार्मोन घ्या, सगळं ठीक’ असं कोणी म्हणालं तर जरा थांबा.

डिप्रेशनचं चित्र जास्त स्पष्ट आहे. २००६ मध्ये दोन अमेरिकन अभ्यास आले, आधी कधीच डिप्रेशन न झालेल्या बायकांनाही पाळी अनियमित होण्याच्या काळात ते होण्याचा धोका वाढतो, आणि ज्यांना आधी झालंय त्यांना तर परत होण्याची शक्यता चांगलीच असते. त्रास इस्ट्रोजेन कमी असण्यापेक्षा त्याच्या वर-खाली होण्याचा.

मधल्या काळात २००२ साली आणखी एक खोडा पडला. अमेरिकेत १६,६०८ बायकांवरची, पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोन गोळ्यांची मोठी ट्रायल ब्रेस्ट कॅन्सरच्या धोक्यामुळे अर्ध्यात थांबवली, आणि जगभर डॉक्टर घाबरले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाईला तोच हिशोब जसाच्या तसा लागू नाही, हे सांगायला बरीच वर्षं गेली.

आणि गोळ्यांची गुंतागुंत आहेच. खूप घाम जाऊन पाणी कमी पडलं तर लिथियमची लेव्हल वाढू शकते, मग हाताची थरथर आणि मळमळ मेनोपॉजच्या नावावर खपते. स्किझोफ्रेनियावरच्या रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून पाळी थांबू शकते, बाईला वाटतं आपली गेली, खरं तर गेलेली नसते. हॉट फ्लॅशेसवर (अंगातून एकदम गरम वाफा येतात त्या) काही अँटिडिप्रेसंट चालतात, पण बायपोलर असेल तर त्यानेच मॅनिया, म्हणजे बायपोलरमधली अति उत्साहाची अवस्था, भडकायची भीती.

आपल्याकडे भारतात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसलाच जाते, आणि पिशवी काढण्याचं प्रकरण वेगळंच. बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ मध्ये गाजली, सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते पण हार्मोन बहुतेक चालू राहतात, सोबत दोन्ही अंडाशयं गेली तर मेनोपॉज एका दिवसात येतो, आणि आधीच मनाचा आजार असलेल्या बाईला तो झटका सोसणं अवघड. घरात मात्र ‘पिशवी काढली’ एवढंच माहीत असतं. अंडाशयं ठेवली की काढली हे बहुधा डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, ते कार्ड जुन्या फायलीतून शोधून सायकियाट्रिस्टच्या टेबलावर ठेवा, त्यांनी विचारलं नसलं तरी.