मोनितो देल मोन्ते: जात एक, दोन की तीन?

दक्षिण चिलीच्या आणि लगतच्या अर्जेंटिनाच्या ओल्या जंगलांतल्या मोनितो देल मोन्तेला, म्हणजे 'रानातल्या छोट्या माकडा'ला, आजही सर्रास ऑपॉसम (अमेरिकेतला एक शिशुधानी, म्हणजे पिलं पिशवीत वाढवणारा प्राणी) म्हटलं जातं. चूक जुनी आहे. १८९३ मध्ये त्याचं पहिलं वर्णनच ऑपॉसम म्हणून झालं. त्या वेळचं 'ऑस्ट्रालिस' हे नाव आधीच दुसऱ्या प्राण्यासाठी वापरलेलं निघालं आणि बाद झालं. १८९४ मध्ये चिलोए बेटावरच्या नमुन्यावरून ठेवलेलं 'ड्रोमिसिऑप्स ग्लिरॉइडिस' टिकलं. १९८२ मध्ये घोट्याच्या हाडांनी त्याला ऑस्ट्रेलियातल्या शिशुधानींच्या गोतावळ्यात नेऊन बसवलं, तेव्हा ऑपॉसमशी जोडलेलं नातं खरं तर संपलं.

प्राणी हातात असेल तर ओळख अवघड नाही. चिलीच्या मध्य भागातल्या याका या खऱ्या ऑपॉसमच्याही डोळ्यांभोवती काळी कडी असतात, शेपटीत चरबी साठते. कान पाहावेत: याकाचे मोठे आणि उघडे, मोनितोचे आखूड आणि केसाळ. कोलिऊ बांबूच्या पानांचं, आतून शेवाळ लावलेलं गोल घरटं सापडलं, तर ते मोनितोचंच.

खरा गुंता २०१६ चा. मायटोकाँड्रियल डीएनएत (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या डीएनएत) तीन शाखा २००८ मध्येच दिसल्या होत्या. २०१६ मध्ये त्यांना कवटी-दातांच्या फरकांची जोड देऊन तीन जाती मांडल्या गेल्या: उत्तरेला बोझिनोविची, दक्षिणेला ग्लिरॉइडिस आणि चिलीतल्या वाल्दिव्हिया शहराजवळच्या किनारी डोंगरांत मोंदाका. पण मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. माद्या फार लांब जात नसतील, तर एकाच जातीतही अशा खोल फटी दिसू शकतात. २०१८ मध्ये पेशीच्या केंद्रकातली, आईवडील दोघांकडून येणारी जनुकंही तपासून जात एकच असल्याचं मांडलं गेलं. २०२१ मध्ये आकडा दोनवर आला आणि मोंदाका ग्लिरॉइडिसमध्ये विरली. मला २०१६ ची घाई खटकते.

कारण त्या घाईचा भार प्राणी कुठे दिसला याच्या नोंदींवर पडतो. बाहेरून या 'जाती' वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून फोटोला नाव दिलं जातं ते अक्षांश बघून. मग त्याच नोंदी जोडून प्रत्येक जातीचा प्रदेश आखला जातो. ३९ ते ४० अंश दक्षिण अक्षांशाच्या पट्ट्यात, जिथे या शाखा एकमेकींजवळ येतात, तिथल्या नोंदीवर नेमकं ठिकाण आणि नुसतं 'ड्रोमिसिऑप्स' एवढंच, म्हणजे जातीशिवाय फक्त नावाचा पहिला भाग, लिहावं.