घरी न सांगणं वेगळं, डॉक्टरलाही न सांगणं वेगळं

ट्रान्झिशन, म्हणजे आपल्या खऱ्या लिंगओळखीप्रमाणे शरीर आणि राहणी बदलणं, सुरू करताना घरी न सांगणं आणि कुणालाच न विचारता हार्मोन घेणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हीत घरच्यांना पत्ता नसतो, गोळ्या कपाटात कपड्यांखाली दडवलेल्या असतात. म्हणून कितीतरी पोरं म्हणतात, "लपवायचंच आहे, तर डॉक्टर तरी कशाला?" तिथेच घोळ होतो.

घरी न सांगण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्या घरात कळल्याबरोबर फोन काढून घेतील, घाईघाईने लग्न ठरवतील किंवा एखाद्या बाबाकडे नेतील, तिथे हातात पगार आणि राहायला दुसरी जागा येईपर्यंत गप्प राहावं. त्यात खोटेपणा काही नाही. सज्ञान माणसाला उपचारासाठी आईबाबांची सही लागत नाही.

आता हे गुपित टिकतं किती दिवस? ते कोणतं हार्मोन घेता यावर आहे. ट्रान्स मुली (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या) घेतात त्या इस्ट्रोजेनवर पहिल्या महिन्यांत त्वचेचा तेलकटपणा कमी होतो. छाती साधारण 3 ते 6 महिन्यांत भरू लागते, आधी दुखते. आवाज बदलत नाही, दाढीही जात नाही. ढगळ शर्टात ट्रान्स मुलीला बराच काळ निभावता येतं. दाढीसाठी लेझर केलं तर चेहरा एकदोन दिवस लाल दिसतो, पण आपल्या नागपुरात उन्हाळ्यात गाडीवर निघालेला प्रत्येक जण तोंडाला दुपट्टा बांधूनच असतो, कोण विचारतं! फक्त लेझरनंतर ऊन टाळायचं असतं, म्हणून हे काम हिवाळ्यात उरकलेलं बरं. ट्रान्स मुलं (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेली) घेतात त्या टेस्टोस्टेरॉनचं तसं नाही. काही महिन्यांत आवाज फुटतो आणि तो परत पहिल्यासारखा होत नाही. "सर्दी झाली" हे कारण किती आठवडे पुरणार? म्हणून ट्रान्स मुलाने पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच राहण्याची सोय बघून ठेवावी.

डॉक्टरशिवाय घेणाऱ्याचं काय होतं ते नीट समजून घ्या. सीताबर्डीत नाहीतर मोहल्ल्यातल्या मेडिकलमध्ये सहज मिळतात म्हणून काही मुली गर्भनिरोधक गोळ्या दुप्पट-तिप्पट खातात. त्यातल्या इथिनिल इस्ट्रॅडिऑलने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, सिगारेट ओढत असाल तर आणखीच. डॉक्टर सहसा वेगळं इस्ट्रोजेन देतात, ते यासाठीच. जास्त गोळ्यांनी बदल लवकर होतो, हा निव्वळ गैरसमज आहे.

दुसरी गोळी स्पायरोनोलॅक्टोन, ट्रान्स मुली टेस्टोस्टेरॉनचा परिणाम दाबायला घेतात ती. ती लघवी वाढवते आणि पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. मे महिन्यात पारा 45 वर गेला की आधीच अंगातलं पाणी आटतं, वर ही गोळी. चक्कर येते, पाय लटपटतात. मग आई मायेने रोज दोन-दोन नारळपाणी देते. नारळपाण्यातही भरपूर पोटॅशियम असतं आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्ततपासणी करणारा डॉक्टर हे आधीच सांगतो, गोळीचं प्रमाण ठरवतो. एकटीने घेणारीला कोण सांगणार? जिममधून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या मुलांचं रक्त घट्ट होऊ शकतं. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय तेही कळत नाही.

बाइंडरचंही, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून ट्रान्स मुलं घालतात त्या घट्ट कपड्याचंही, हेच. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळू नका, बरगड्यांना इजा होते. चांगला बाइंडरही 8 तासांच्या वर नको आणि झोपताना तर नाहीच. नवतपात घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल शर्ट, एवढ्यावरच भागवा.

डॉक्टरकडे जायचं तर बाबांच्या ओळखीचा फॅमिली डॉक्टर नको. शहराच्या दुसऱ्या टोकाचा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर, गाठा. रक्ताचा रिपोर्ट कुणाच्या नंबरवर जाईल ते लॅबमध्ये आधीच विचारा. औषधांचे पैसे रोख द्या. घरच्या खात्यातून यूपीआय केलं तर दुकानाचं नाव स्टेटमेंटमध्ये येतं. गोळ्यांचे फोटो काढले असतील तर ते घरच्यांशी शेअर केलेल्या अल्बममध्ये तर जात नाहीत ना, बघा. मानसोपचार घेत असाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 23 त्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क देतं. "औषधाने तुला नीट करतो" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. असल्या उपचाराला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. कोणता डॉक्टर नीट वागतो हे आपल्याच लोकांकडून कळतं, त्यासाठी शहरातल्या सारथी ट्रस्ट या एलजीबीटी समुदायासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे विचारता येईल.

आणि बाकी सगळं लपवलं तरी एका ठिकाणी लपवू नका. एकच पिंढरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर ती गुठळी असू शकते, ताबडतोब मेडिकल किंवा मेयो, या दोन सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल त्याच्या कॅज्युअल्टीत जा. सोबत आलेल्या नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा आणि कोणती गोळी, किती, कधीपासून घेता ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. बोलायचा धीर होत नसेल तर गोळ्यांची स्ट्रिप काढून हातात द्या.