४८६ पायऱ्यांचं स्टेशन

जपानच्या गुन्मा प्रांतात, मिनाकामी या छोट्या गावाच्या हद्दीत, तानिगावा डोंगराच्या कुशीत दोआइ नावाचं स्टेशन आहे. तोक्योच्या बाजूने येणारी गाडी तुम्हाला थेट बोगद्याच्या पोटात उतरवते. समोर सरळसोट जिना, ४६२ पायऱ्यांचा. तो संपला की जरा पुढे आणखी २४, आणि मग कुठे स्टेशनाबाहेरचं दार. परतीची गाडी मात्र वर उघड्यावरच्या फलाटाला लागते. एकाच स्टेशनाचे दोन फलाट, आणि त्यांच्या उंचीत सुमारे ७० मीटरचा फरक, म्हणजे वीसेक मजले! जपानी लोक याला 'मोगुरा एकी' म्हणतात. मोगुरा हा जमीन पोखरत राहणारा प्राणी, आणि एकी म्हणजे स्टेशन.

हा विचित्रपणा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक फार कमी घासतं. सपाटीवर हे वरदान, चढावर तीच अडचण, कारण चाकाला पकडच मिळत नाही. त्यामुळे या मार्गावर दर १००० मीटरला जास्तीत जास्त २० मीटर एवढाच चढ ठेवला आहे. या हिशोबाने ७० मीटर चढायला साडेतीन किलोमीटर रूळ हवेत.

१९३१ साली डोंगराच्या आरपार जाणारा पहिला, शिमिझू नावाचा बोगदा सुरू झाला तेव्हा हे रूळ डोंगरात गोल फिरवून मिळवले. गाडी वळसा घेत स्वतःच्याच मार्गावरून जायची आणि उंची गाठायची. एवढा खटाटोप कशासाठी? डोंगर वर निमुळता होत जातो. जितकं उंचावरून भोक पाडाल तितकं ते आखूड. तरीही बोगदा ९,७०२ मीटरचा झालाच.

पुढे एकेरी मार्ग अपुरा पडू लागला. १९६७ साली दुसरा बोगदा झाला, तोवर खोदकामाचं तंत्र सुधारलं होतं. मग वळसा हवा कशाला? खालूनच सरळ आरपार गेले, १३,४९० मीटर. जुना मार्ग तोक्योकडे जाणाऱ्या गाड्यांना राहिला, नवा तोक्योकडून येणाऱ्यांना. स्टेशन मात्र आधीपासून वर होतं, म्हणून खाली फलाट करून मध्ये जिना बसवला. गाडीचा वळसा वाचला, तो प्रवाशाच्या पोटऱ्यांवर आला.

खाली भर उन्हाळ्यातही गारवा असतो. वरच्या ऋतूंची चाहूल एवढ्या खोल खडकापर्यंत पोचतच नाही.

आता कष्टांचा हिशोब. ६० किलोच्या माणसाला ७० मीटर उचलायला सुमारे ४१,००० ज्यूल, म्हणजे जेमतेम १० किलोकॅलरी लागतात. पण आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन घाम काढते. तेव्हा धरा ४०. एवढा दम लागून अर्धी पोळीसुद्धा जिरत नाही, हे जरा अन्यायाचंच.

आणि गुडघे कुरकुरत असतील तर डोंगरापलीकडच्या निइगाताच्या बाजूने या. ती गाडी वरच्याच फलाटाला लागते.